झाकली मूठ आणि दानाची वही

इतिहास म्हटला की राजांच्या स्वाऱ्या, तह, वंशावळी आणि शिलालेख डोळ्यांसमोर यावेत, अशी सवय समाजाला लागलेली असते. यात सर्वस्वी इतिहासकारांचाच दोष आहे असे नाही. आपले नाव मागे उरावे असे ज्यांना वाटले त्यांनी ते दगडावर कोरविले, ताम्रपटावर लिहविले. आणि ज्यांना उद्याच्या भाकरीची भ्रांत होती त्यांनी मागे काहीच ठेवले नाही. गरिबांचा इतिहास लिहिला जात नाही तो सहानुभूतीच्या अभावी नव्हे, तर साधनांच्या अभावी. या नियमाला जगात जे थोडे अपवाद आहेत, त्यांत इजिप्तमधील एका यहुदी प्रार्थनामंदिरात सापडलेल्या रद्दीचे स्थान फार वरचे आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसांचा दिनक्रम त्या रद्दीतून उलगडतो. पण त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, दान कसे द्यावे आणि घेणाऱ्याने ते कसे घ्यावे, या प्रश्नाचा एका समाजाने रोजच्या व्यवहारात लावलेला कस तिच्यात पाहावयास मिळतो.

कोकणातील बेने इस्रायल समाजामुळे यहुदी लोक व त्यांचे सिनेगॉग मराठी वाचकाला परके नाहीत. गेनिझा हा शब्द मात्र अनेकांना नवा वाटेल. ज्या कागदावर ईश्वराचे नाव आले आहे तो जाळू किंवा फाडू नये, तो जीर्ण झाला तर बाजूला ठेवावा आणि पुढे विधिपूर्वक पुरावा, अशी यहुदी धर्मातील रूढी आहे. असे कागद ठेवण्याची जी जागा तिला गेनिझा म्हणतात. आजच्या कैरो शहराच्या दक्षिण भागात फुस्तात हे जुने नगर होते. तेथील बेन एझ्रा सिनेगॉगमधील गेनिझात लोकांनी केवळ धर्मग्रंथांची पानेच टाकली नाहीत. त्यांची बोलण्याची भाषा अरबी होती, पण ती ते हिब्रू लिपीत लिहीत. आणि हिब्रू अक्षरांतील कोणताही कागद टाकाऊ मानू नये अशी त्यांची भावना असावी. साहजिकच पत्रे, जमाखर्च, भाडेपावत्या, विवाहाचे करार, घटस्फोटाचे लेख, मुलांच्या बाराखडीच्या वह्या असे सारेच त्या खोलीत जाऊन पडले. पुढे ते पुरण्याचे काम राहून गेले आणि इजिप्तच्या कोरड्या हवेने उरलेले कार्य केले.

१८९६ मध्ये अ‍ॅग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या जुळ्या विदुषी भगिनींनी पूर्वेच्या प्रवासात विकत घेतलेली काही पाने केंब्रिज विद्यापीठातील सॉलोमन शेक्टर यांना दाखविली. त्यांतील एका पानाचे मोल ओळखून शेक्टर त्याच वर्षाच्या अखेरीस कैरोला गेले आणि तेथील यहुदी धर्मप्रमुखांच्या संमतीने जवळजवळ सारा साठा केंब्रिजला घेऊन आले. एकट्या त्या संग्रहात सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे आहेत. जगातील इतर ग्रंथालयांत विखुरलेले धरले तर ही संख्या तीन लाखांच्या वर जाते. प्रारंभी विद्वानांचे लक्ष गेले ते अर्थातच धर्मग्रंथांकडे, काव्याकडे आणि तत्त्वज्ञानाकडे. हिशेबाच्या चिठ्ठ्या व मागणीची पत्रे त्यांच्या दृष्टीने रद्दीतलीही रद्दी होती. त्या रद्दीला इतिहासाच्या दरबारात मानाचे आसन मिळवून दिले ते श. द. गॉयटाइन (१९००-१९८५) यांनी. त्यांच्या ‘अ मेडिटरेनियन सोसायटी’ या बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १९६७ मध्ये आणि पाचवा त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वाटेने पुढे जाऊन मार्क कोहेन यांनी २००५ मध्ये केवळ दारिद्र्य आणि दानधर्म या विषयावर दोन ग्रंथ सिद्ध केले. आज या समाजाविषयी जे काही निश्चित सांगता येते, ते मुख्यतः अशा परिश्रमांमुळे.

वहीतील माणसे

या कागदांचा सर्वांत समृद्ध काळ म्हणजे फातिमी व अय्युबी राजवटींचा, स्थूलमानाने ९६९ ते १२५० पर्यंतचा. त्या काळी फुस्तातचे यहुदी कोणत्याही कोंडवाड्यात राहत नव्हते. मुसलमान आणि कॉप्टिक ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून त्यांची घरे होती. त्यांच्याशी त्यांची व्यापारातील भागीदारी चाले आणि प्रसंगी ते काजीच्या न्यायालयातही जात. परंतु आपल्या गरिबांची व्यवस्था मात्र प्रत्येक समाजाने आपापली पाहावी, अशी रीत होती. यहुदी समाजाने ती कशी पाहिली, याची चोपडीच गेनिझाने जपून ठेवली आहे.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, गरिबांना पाव वाटले जात. प्रौढ माणसाला आठवड्याला साधारणपणे चार पाव मिळत. त्याखेरीज प्रसंगानुसार गहू, कपडे आणि रोख रक्कम दिली जाई. वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ज्या याद्या लिहिल्या त्यांची भाषा अगदी कोरडी आहे. कोणी आंधळा, कोणी विधवा, कोणी हमालाची बायको, कोणी प्रेते पुरणारा, कोणी नुकताच यहुदी धर्मात आलेला, कोणी रूमच्या म्हणजे बायझंटाइन मुलुखातून आलेला निराश्रित. प्रत्येकाच्या नावापुढे पावांचा आकडा. यादी लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसेल. त्याला फक्त शुक्रवारचे वाटप सुरळीत पार पाडावयाचे होते. परंतु ज्यांच्या नावाचा एकही दगड कोठे उभा राहिला नाही, अशा शेकडो माणसांचे अस्तित्व त्या कारकुनाच्या चोख लेखनानेच काळाच्या हाती सुपूर्द केले. कचेरीत बसून नीरस तक्ते भरणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

हा पैसा येत असे कोठून? तो कोणा एका धनाढ्याच्या औदार्यातून येत नव्हता. सिनेगॉगमध्ये लोक जमले असता प्रत्येकाने आपापली रक्कम सांगावी आणि नंतर वसुली व्हावी, अशी पद्धत होती. देणगीदारांच्या ज्या याद्या उरल्या आहेत त्यांत मोठ्या व्यापाऱ्यांच्या शेजारी कारागिरांची नावे आहेत आणि कित्येक आकडे फार लहान आहेत. दुसरे साधन म्हणजे धर्मार्थ दिलेली घरे. कोणी आपले घर किंवा घराचा हिस्सा समाजाला देई. त्याच्या भाड्यातून सिनेगॉगची डागडुजी, दिव्याचे तेल, सेवकांचे वेतन आणि गरिबांचे साहाय्य चाले. या घरांच्या भाड्याचे व दुरुस्तीचे हिशेब पै-पैनिशी उपलब्ध आहेत.

खर्चाच्या बाजूला पावांपेक्षाही जड अशा बाबी होत्या. समुद्रावर चाच्यांनी पकडलेले लोक अलेक्झांड्रियाच्या बंदरात विक्रीला येत. त्यांची सुटका करणे हे दानातील श्रेष्ठ कर्तव्य मानले जाई. एका माणसाची ठरलेली किंमत ३३⅓ दीनार होती, म्हणजे तिघांना शंभर. बेताच्या परिस्थितीतील कुटुंबाचा महिना दोन दीनारांत निभत असे, हे लक्षात घेतले म्हणजे एका अनोळखी माणसाच्या सुटकेसाठी अशा कुटुंबाच्या सोळा-सतरा महिन्यांच्या निर्वाहाइतकी रक्कम उभी करावी लागे, हे कळून येते. क्रुसेडर सैन्याने १०९९ मध्ये जेरुसलेम घेतल्यानंतर बंदिवानांना सोडविण्यासाठी जी धडपड झाली, तिचीही पत्रे या संग्रहात आहेत. दुसरी बाब जिझियाची. मुसलमान नसलेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला तो भरावा लागे. न भरल्यास तुरुंगाची भीती असे. वसुलीच्या दिवसांत घरात दडून बसलेल्या माणसांची विनवणी कितीतरी पत्रांत आढळते. तिसरी बाब शिक्षणाची. पोरक्या आणि गरीब मुलांच्या शिक्षकाची फी समाज भरी. त्या शिक्षकांची स्वतःची मिळकत काय असावी, हे सांगण्याची गरज नाही. पाव घेणाऱ्यांच्या यादीत मंदिराच्या सेवकांबरोबर काही शिक्षकही दिसतात.

मागण्याची लाज

येथपर्यंतचा वृत्तांत एखाद्या नीट चाललेल्या धर्मादाय संस्थेच्या अहवालासारखा वाटेल. परंतु या कागदांचे खरे मोल त्यांतील मागणीच्या पत्रांत आहे. ही पत्रे वाचताना एक शब्दप्रयोग पुनःपुन्हा येतो. जो माणूस स्वतःच्या कमाईवर कसाबसा जगतो, कोणापुढे हात पसरत नाही, त्याला ‘मस्तूर’ म्हणजे झाकलेला म्हणत. आणि ज्याला अखेर मागावेच लागले त्याने आपला ‘चेहरा उघडा केला’ असे म्हणत. मी आजवर कधीही चेहरा उघडा केला नव्हता, हा या पत्रांतील जणू ठराविक मजकूर आहे. आजारपणाने, कर्जाने, जहाज बुडाल्याने किंवा परागंदा झाल्याने खाली आलेली ही माणसे आहेत. त्यांच्या पत्रांत भुकेपेक्षा लाजेचे वर्णन अधिक आहे.

मराठीत झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या म्हणीत थोडा विनोद आहे. फुस्तातच्या या पत्रांत विनोद नाही, पण जाणीव तीच आहे. मूठ उघडली की आत काही नाही हे जगाला दिसते आणि मग ती पूर्ववत झाकता येत नाही. गरिबीचे दुःख पोटात असते, तसे ते डोळ्यांतही असते. पोटाचे दुःख चार पावांनी कमी होते. डोळ्यांतले दुःख मात्र कधी कधी त्या चार पावांनीच वाढते.

ही गोष्ट ज्याने नेमकी ओळखली आणि तिला शास्त्राचे रूप दिले, तो पुरुष याच फुस्तातमध्ये राहत होता. मायमॉनिडीज हे थोर तत्त्ववेत्ते, धर्मशास्त्रज्ञ आणि वैद्य. बंदिवानांच्या सुटकेसाठी त्यांनी पाठविलेले आवाहनपत्र गेनिझात सापडले आहे, तसेच त्यांच्या मुलाच्या, अब्राहामच्या, हातच्या गरिबांना रक्कम देण्याच्या आज्ञाही सापडल्या आहेत. म्हणजे हे घराणे केवळ उपदेश करणारे नव्हते. आपल्या ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात मायमॉनिडीज यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची पायरी म्हणजे मनाविरुद्ध दिलेले दान. मागितल्यावर देणे त्याहून वर; मागण्यापूर्वी देणे आणखी वर. देणाऱ्याला व घेणाऱ्याला परस्परांची ओळख नसणे ही तर फारच वरची पायरी. पण शिखर कोणते? पडू घातलेल्या माणसाला कर्ज देणे, धंद्यात भागीदार करून घेणे, काम देणे. थोडक्यात, त्याला मागण्याची वेळच येऊ न देणे. या आठ पायऱ्यांत रकमेचा विचार दुय्यम आहे. त्या बव्हंशी एकाच मापाने मोजलेल्या आहेत, आणि ते माप म्हणजे घेणाऱ्याचा चेहरा किती झाकलेला राहिला.

हा विचार आकाशातून पडलेला नव्हता. हिब्रूत दानासाठी जो शब्द आहे त्याची व्युत्पत्ती दयेशी नव्हे, न्यायाशी जोडलेली आहे. मराठीतही भिक्षेकरी ‘दया करा’ म्हणतो त्याहून अधिक वेळा ‘धर्म करा’ म्हणत आलेला आहे. दोन्ही भाषांच्या पोटात एकच जुनी समज आहे: देणारा उपकार करीत नाही, कर्तव्य बजावतो.

या शिखरावरच्या पायरीचे एक उदाहरण गेनिझातच आहे आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी येऊन पोचतो. फुस्तातच्या व्यापारात हिंदुस्थानचा वाटा मोठा होता. मायमॉनिडीज यांचा भाऊ दाविद याच वाटेवर निघाला असता हिंदी महासागरात बुडाला. त्याने तांबड्या समुद्राच्या काठावरून भावाला लिहिलेले पत्र उरले आहे. बाराव्या शतकातील असेच एक पत्र महरूझ नावाच्या यहुदी व्यापाऱ्याने मंगळूरहून आपल्या मेहुण्याला लिहिले आहे. हा मेहुणा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर चाच्यांच्या तडाख्यात सापडला होता. महरूझ त्याला कळवितो की सोन्याची गरज असेल तर ठाण्यास मुक्कामी असलेल्या तिंबू नाखव्याकडून माझ्या खात्यावर घ्यावे. त्याचा व माझा बंधुभावाचा स्नेह आहे. तिंबू हा जहाजाचा मालक. नावावरून तो इकडचाच असावा असे दिसते. मेहुण्याने मागितले नव्हते, कोणी यादीत नाव लिहिले नव्हते, आणि मदत देणारा हात परधर्मीय मित्राचा होता. व्यापाऱ्याच्या साध्या पत्रातील या दोन ओळींत मायमॉनिडीज यांची वरची पायरी प्रत्यक्ष उतरलेली दिसते.

गौरव नको, विचार हवा

तरीही या समाजाचा भाबडा गौरव करणे योग्य होणार नाही. आठवड्याला चार पाव हे कोणाचेही पोट भरण्याइतके अन्न नव्हते. ते तगून राहण्यापुरते होते. परगावच्या गरिबाला मदत हवी तर शिफारसपत्र लागे. ज्याला लिहून देणारा भेटला नाही त्याचे काय झाले असेल, हे कोणत्याही कागदात नाही. सिनेगॉगमध्ये जाहीरपणे रक्कम बोलण्याची पद्धत गुप्तदानाच्या तत्त्वाशी उघड विसंगत होती. त्याहूनही मोठी विसंगती म्हणजे, बंदिवानांना सोडविण्यासाठी जीव टाकणारा हाच समाज घरात गुलाम बाळगीत असे. मंगळूरला अनेक वर्षे राहिलेल्या अब्राहाम बेन यिजू या व्यापाऱ्याने १९३२ च्या आठशे वर्षे आधी, म्हणजे ११३२ मध्ये, अशू नावाच्या हिंदी दासीला मुक्त केल्याचा लेख उपलब्ध आहे. पण मुक्त करण्यासाठी आधी ती दासी असावी लागली, हे विसरता येत नाही. आपल्या माणसाची बेडी दिसते आणि परक्याची दिसत नाही, हा दोष कोणत्याही एका धर्माचा किंवा शतकाचा नाही.

समाजाच्या न्यायबुद्धीला एका स्त्रीने दिलेले उत्तरही याच कागदांत आहे. इ. स. ११०० च्या सुमारास फुस्तातमध्ये अल-वुहशा नावाची एक धनवान दलाल स्त्री होती. विवाहबाह्य संबंधातून तिला मूल झाले आणि प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी तिला सिनेगॉगमधून बाहेर काढण्यात आले. तिने मृत्युपत्र केले तेव्हा शहरातील सिनेगॉगांना दिव्याच्या तेलासाठी रकमा ठेवल्या, रात्री लोकांना तेथे अध्ययन करता यावे म्हणून. जेथून तिला बाहेर काढले होते त्या सिनेगॉगलाही तिने त्यातून वगळले नाही. आपल्या मुलाला शिकविण्यासाठी शिक्षकाची सोयही तिने करून ठेवली. ज्यांनी तिचा चेहरा भरसभेत उघडा पाडला, त्यांच्या पोथ्यांवर तिने उजेड पाडला. यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

आता प्रश्न असा की नऊशे वर्षांपूर्वीच्या या वहीतून आजच्या वाचकाने काय घ्यावे? मदतीची साधने आज त्या काळाहून कितीतरी पटींनी वाढली आहेत. पण मदत घेणाऱ्याचा चेहरा झाकण्याची काळजी वाढली आहे, असे म्हणवत नाही. वह्यांचे वाटप होते तेव्हा मुलाच्या हातातील वहीपेक्षा त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र अधिक मोलाचे ठरते. २०२० च्या टाळेबंदीत शिध्याची पिशवी घेणारा हात आणि ती देणारे चार हसरे चेहरे गावोगाव छायाचित्रांतून फिरले. नादारीचा अर्ज भरण्यासाठी भरवर्गात उभे राहावे लागलेला विद्यार्थी फी-माफी विसरतो, ते उभे राहणे विसरत नाही. हे कोणत्याही जुन्या शिक्षकाला विचारावे. यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. बहुधा असते ती केवळ बेफिकिरी. पण बेफिकिरीने उघडा पडलेला चेहराही उघडाच पडलेला असतो.

हिशेब नको, याद्या नकोत, असा याचा अर्थ नाही. किंबहुना फुस्तातची वही नेमके उलट सांगते. ज्याची नोंद होते त्याचा हक्क राहतो. नोंद नसेल तर सारे देणाऱ्याच्या लहरीवर जाते. म्हणून वही हवी, चोख हवी, आणि ती तपासलीही जावी. मात्र वही ही दप्तरात ठेवण्याची वस्तू आहे, चौकात लावण्याची नव्हे. शिक्षकाला वर्गात, कारकुनाला खिडकीपाशी आणि विद्यार्थ्याला शेजारच्या बाकावर हा विवेक रोज दाखविता येतो; त्यासाठी दीनार लागत नाहीत. अर्ज हळूच घेणे, नाव मोठ्याने न पुकारणे, मागण्याआधी ओळखणे, एवढ्यानेही माणूस एकदोन पायऱ्या वर चढतो.

फुस्तातच्या त्या गरिबांनी आपला चेहरा उघडा पडू नये म्हणून आयुष्यभर धडपड केली, आणि अखेर त्यांच्या विनवण्या जगभरच्या ग्रंथालयांत उघड्या झाल्या, हे दैवाचे विपरीत खरेच. पण त्या वाचणाऱ्याला आज लाज वाटते ती त्यांच्या दारिद्र्याची नाही. आजच्या दानाची वही जर आणखी नऊशे वर्षांनी कोणाच्या हाती लागली, तर तिच्यात घेणाऱ्यांचे केवळ आकडे सापडतील की देणाऱ्यांची थोडी माणुसकीही सापडेल, हा प्रश्न मात्र आजच्या पिढीचा आहे. आणि त्याचे उत्तर आजच लिहिले जात आहे.